फरशी वाजवली की राग येतो यांना

"ताई, फरशी वाजवू नका की, बाकीच्या पार्ट्या आल्यात."

हे फ्लॅट दाखवणारा मला सांगतो. का नको वाजवू? पन्नास लाखांच्या घरात किंमत सांगतोस आणि दहाच्या नाण्यानं चार फरश्या वाजवल्या तर तुझं पोट दुखतं? माठ वाजवून घेतला म्हणून आजवर कुठला कुंभार चिडला नाही. काल सांगलीत शंभर फुटी रोडच्या मागच्या एका फ्लॅटमध्ये खिडकीकडची अख्खी रांग पोकळ बोलत होती. खाली माल भरलेलाच नाही, नुसते ठिपके देऊन चिकटवलेली. कपाट सरकवलं की तडकणार. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, तर ते नहाणी ट्रॅपकडं, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडं, जायचं सोडून दारात आलं. यावर उत्तर काय? "वायपर मारला की जातंय." म्हणजे स्लोप यांनी चुकवायचा आणि जन्मभर वायपर मी मारायचा!

आणि तो रंग. पार्किंगच्या भिंतींना छातीपर्यंत नवाकोरा, त्याच्या वर जुनाच. विचारलं तर म्हणे इथं पुराचं पाणी कधी आलंच नाही. अरे, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४५ ची. कुणाच्या दारात किती पाणी होतं हे सांगलीत शेंबडं पोरही सांगतं. समोरच्या किराणावाल्यानं तर शटरवरची खूणच दाखवली. आठवडाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या कॉलमच्या आत सळ्यांचं काय झालं असेल? सळी गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट उभं चिरतं. तीच चीर पुट्टी भरून झाकतात. जरा खरवडून बघू दे म्हटलं तर लगेच, "मालकाला विचारायला लागंल." मीटरपेटी अजून गुडघ्याएवढ्या उंचीवरच. पूररेषेचा नकाशा मागितला तर महापालिकेत जा म्हणतात.

पुट्टीवर आणि पीओपीवर माझा आधीपासून राग आहे. वरचा स्लॅब गळत असला की खाली हमखास नक्षीदार छत असतं आणि त्यात निळे दिवे. दिवे नकोत मला, स्लॅबचा तळ दाखवा!

भोगवटा प्रमाणपत्राचं, म्हणजे इमारत राहायला योग्य आहे या महापालिकेच्या दाखल्याचं, नाव काढलं की वेगळंच. "आपली आठ फ्लॅटची बिल्डिंग, रेरात येत नाही." रेराची, म्हणजे बिल्डरवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याची, नोंदणी आठ फ्लॅटपर्यंत लागत नाही हे मलाही माहीत आहे. पण भोगवट्यातून तुम्हाला सूट कुणी दिली? आणि नोंदणी असलेल्या ठिकाणी तरी काय दिवे लावतात? ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायद्याच्या १४व्या कलमात लिहिलंय. आमच्या मावशीची बेडरूमची भिंत तीन पावसाळे ओली आहे. बिल्डर म्हणतो, खिडक्या उघड्या ठेवा.

घरचे तर त्याहून भारी. "बँकेनं लोन पास केलंय म्हणजे चांगलंच असणार." बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, येतो तो बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. तुमच्या बाथरूमचा स्लोप बघायला तो येत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का यावर तासभर चर्चा होते, पण एकही माणूस नळ सोडून प्रेशर बघत नाही, बोर्ड उघडून अर्थिंगची वायर आहे का बघत नाही.

आणि गच्चीची चावी! कुठल्याही बिल्डिंगमध्ये ती चावी कधीच नसते. वॉचमनकडं आहे, तो गावाला गेलाय. वॉटरप्रूफिंग, टाकीची गळती, पावसाचं पाणी कुठं तुंबतं, सगळं वरच कळतं, म्हणून वरच कुलूप. यापुढं मी आधी गच्ची बघणार. चावी नसेल तर खालूनच परत.