खुलासा : दोन हजार वर्षांपूर्वीचा भोपळा?

ऑक्टोबर संपत आला की हॅलोवीनच्या, म्हणजे भोपळे कोरून दिवे लावायच्या पाश्चात्त्य सणाच्या, निमित्ताने एक संदेश हमखास फिरतो : 'आयर्लंडमधले केल्ट लोक दोन हजार वर्षांपूर्वी भोपळे कोरून, आत दिवा लावून भुतं पळवत.' यातलं आयर्लंड बरोबर आहे, भोपळा नाही.

लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचण्याआधी युरोपात कुणी तो पाहिलाही नव्हता. (आपल्या घारग्यांतला लाल भोपळाही त्यानंतरच भारतात आला. जुना आपला तो दुध्या.)

आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये कोरायचे ते सलगम. मुठीएवढा, टणक, आतून भरीव कंद. चमच्याने पोखरता पोखरता मनगट दुखतं. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या टर्लो पार्क इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधल्या फिनटाउनच्या अशा एका कंदिलाचा प्लास्टरमधला साचा ठेवलाय. मूळ कंदील संग्रहालयाला 1943 मध्ये मिळाला होता. खोल डोळे, वेडेवाकडे दात. दुकानातला हसरा भोपळा त्याच्यापुढे अगदी गरीब वाटतो.

एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. तिथे भोपळे ढिगाने मिळत, शिवाय ते आतून पोकळ. बिया-गर काढला की काम निम्मं झालं. एक युक्ती मात्र हवी : झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरायची, नाहीतर ते थेट दिव्यावर पडतं.

आणि केल्टांचं? साविन हा त्यांचा हिवाळ्याच्या तोंडावरचा सण खरा. पण त्यांनी कंदील कोरल्याचा त्या काळातला पुरावा नाही.