बाविसाव्या दिवशी काय होतं?

ब्रेकअप झालेल्याला सोलापुरात पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हमखास मिळतात: मित्राकडून चहा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा फॉरवर्ड. "21 दिवस पूर्ण ब्लॉक. आठवण आली की विचार झटकून टाका. मित्रांत रमा. बाविसाव्या दिवशी तुम्ही मोकळे!" चहा जरूर घ्यावा. फॉरवर्डमध्ये मात्र एकच गोष्ट बरोबर आहे, तीही अर्धी.

आधी तो आकडा. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननं 1960 मध्ये लिहिलं की, ऑपरेशननंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान 21 दिवस जातात. पुढच्यांनी 'निदान' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी वाट्टेल ते घातलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय जडायला सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18, तर कुणाला हिशेबानं 254. त्या सवयीही जेवताना पाणी पिण्यासारख्या. माणूस विसरण्याचं मोजमाप त्यात कुठंच नव्हतं.

ब्लॉक करणं, हे ते अर्धं बरोबर. दहादा 'लास्ट सीन' बघून काही हाती लागत नाही, अकराव्यांदा नवा डीपी दिसतो. जुगाराची चटक अशीच लागते. पण भोकं बुजवायची राहतात. गूगल फोटोज 'मेमरीज' म्हणून तोच चेहरा सकाळी सकाळी समोर आणतं. सेटिंगमध्ये जाऊन तो चेहरा लपवता येतो. कॉमन मित्राचं स्टेटस म्यूट करा, त्याला कळत नाही. यूपीआय अ‍ॅपमधलं जुनं संभाषण तर बहुतेकजण विसरतातच, आणि मग रात्री तिथून एक रुपया पाठवला जातो.

पहिल्या काही दिवसांत ओढ कमी होण्याऐवजी वाढते. लिफ्ट आली नाही की आपण बटण जोरजोरात दाबतो, तसंच हे. खरा घोटाळा होतो तो अठराव्या दिवशीच्या "फक्त हाय"नं. उत्तर आलं, तर मन शिकतं की एवढं ताणून धरलं की मिळतं, आणि पुढची वाट आणखी लांबते. तिसऱ्या दिवशीची चूक त्यामानानं स्वस्त. म्हणून कॅलेंडरवर फुल्या मारू नका. दिवस मोजणं हीसुद्धा आठवणच. घसरलात, तर त्याच रात्री परत ब्लॉक, बस्स.

"विचार झटकून टाका" हा सल्ला सर्वांत वाईट. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर मोकळीक दिल्यावर याच लोकांना अस्वल जास्त आठवलं. त्यापेक्षा विचाराला वेळ नेमून द्या: संध्याकाळी 15-20 मिनिटं, खुर्चीत बसून, कागद-पेन घेऊन, फोन दुसऱ्या खोलीत. दिवसा आठवण आली की दोन शब्द टिपायचे आणि पुढं ढकलायचं. बिछान्यात हे करू नका, नाहीतर उशीला डोकं टेकलं की मन आपोआप तिकडंच जायला लागतं. दोन आठवडे झोप आणि जेवण गेलं असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर हा प्रयोग बाजूला ठेवून 14416 लावा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: फुकट, चोवीस तास, मराठीतून.

मित्रांबद्दल थोडक्यात. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले: जवळचं माणूस नसण्याचा आणि गोतावळा नसण्याचा. कट्ट्यावर दुसरा भरतो, पहिला नाही. म्हणून दहाजणांत बसूनही पोकळ वाटलं, तर तुमचं काही बिघडलेलं नाही. मोठ्या पार्टीपेक्षा एकाच माणसाबरोबर आठवड्यातून तीनदा, ठरल्या वेळी, संभाजी तलावावर फेरी बरी.

आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सोलापूर माहीत नसावं. इथं सात रस्त्याला नाही, तर नवी पेठेत गाठ पडतेच. जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, तर हमखास. वाक्य आधीच ठरवून ठेवा: "बरं आहे ना? चल, निघतो." उत्तराची वाट न बघता चालू लागायचं, आणि मागं वळायचं नाही ते निदान पाळण्यांच्या पलीकडं जाईपर्यंत.