एक जुलैचे दोन गजानन

आमच्या गावात गजानन किती आहेत, हे पोलीस पाटलालाही धड सांगता येणार नाही. शेगावच्या महाराजांवर श्रद्धा मोठी. पोर होत नसलं की नवस, पोर झालं की गजानन. गावाला याची अडचण कधी झाली नाही. टेलर गजानन, लंबा गजानन, रोडावरचा गजानन, अशा वाटण्या पक्क्या आहेत. मी दुकानवाला गजानन. रोडावरच्या गजाननाचं आणि माझं आडनाव एक, कारण भावकी एक. वडिलांचं नावही एक, कारण दोन्हीकडच्या आज्यांनी ते ठेवताना एकमेकांना विचारलं नाही.

जन्मतारीखसुद्धा एक. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी आईला विचारलं, पोरगं कधीचं? आई म्हणाली, "पोळ्याच्या आंगमांगं झालं." गुरुजींनी मान डोलावली आणि १ जुलै लिहून टाकली. ते सगळ्यांनाच १ जुलै लिहीत. त्या दिवशी वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून राज्यभर कृषी दिन असतो. नाईकसाहेब आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे. त्यांची तारीख त्यांची स्वतःची, आमची गुरुजींची. पत्त्याचं तर विचारूच नका. मुक्काम पोस्ट, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, एवढ्यावर अख्खं गाव राहतं.

तर झालं असं, की मला डाळ मिल टाकायची होती. तूर अडत्याच्या हवाली करायची आणि तिचीच डाळ शहरातून आणून दुकानात विकायची, हा धंदा मला कधी पटला नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आहे, ती घ्यावी म्हटलं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, पण ते कर्जाला जोडलेलं. पदरचे पैसे घालून मशीन आणाल तर सरकार ओळख देत नाही. आधी कर्जात बुडा, मग हात द्यायला येतो, असा तो मामला. आणि कर्ज म्हटलं की सिबिल, म्हणजे मागची कर्जं कशी फेडली त्याचे मार्क.

पीककर्जाला सिबिल मागू नका, असं सरकार बँकांना वारंवार बजावतं. डाळ मिल हे पीक नव्हे, हे बँकेतल्या साहेबांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं.

"मोटरसायकल घेतली होती?"

"नाही साहेब. मले चालवताबी येत नाही."

"मग हप्ते का थकवले?"

असल्या प्रश्नाला उत्तर नसतं.

सिबिल म्हणतात सगळे, पण असली माहिती ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ३०० ते ९०० मध्ये त्या माणसाला मार्क देतात. म्हणजे काहीच न करता ३०० मिळतात. आमच्या गुरुजींपेक्षा दिलदार. माझं प्रकरण यातल्या कोणाकडे बिघडलं ते सांगत नाही, आहे तो वाद पुरे. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सेतूवाल्या पोरानं तो फुकटचा रिपोर्ट काढायचे पन्नास रुपये घेतले. त्याचंही चुकलं नाही, फुकटच्या वस्तूला मेहनत फार लागते. ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार, आणि रेंज पाण्याच्या टाकीखालीच. मी टाकीखालून आकडे ओरडायचो आणि तो आतून "टाइम गेला काका" ओरडायचा.

ओटीपी एकदाचा बसला, तर मीच मी आहे का, याची खात्री करायला प्रश्न आले. पहिलाच प्रश्न: खालीलपैकी कोणत्या संस्थेचं वाहनकर्ज तुमच्या नावे आहे? चार नावं, आणि शेवटी 'यापैकी नाही'. मी छाती काढून म्हटलं, यापैकी नाही. चूक. आपण ओळख पटवू शकला नाहीत, नंतर प्रयत्न करा.

पोरगं हुशार निघालं. गावात मोटरसायकल ओढून नेलेला गजानन एकच होता आणि तो सोहळा अख्ख्या बसस्टॉपनं पाहिला होता. त्यानं रोडावरच्या गजाननाला फोन लावला. "गजूकाका, तुमची गाडी कोन्या फायनान्सची होती?" त्यानं आनंदानं सांगितलं, वर हप्ता किती होता तेही सांगितलं. पुढच्या वेळी ते नाव दाबलं. बरोबर! माझी ओळख पटली.

रिपोर्टात महिन्यागणिक एकेक खाना असतो आणि त्यात हप्ता किती दिवस उशिरा, तो आकडा. माझ्या खात्यापुढं ०००, ०००, ००० अशी निरोगी रांग. खाली गाडीचं खातं. दिवाळीनंतरचे महिने ०००. कापूस विकला असणार. पुढं ०३०, मग ०६१, आणि जूनच्या खान्यात ०९१. बियाणं घ्यायचे दिवस. आमच्याकडची शेती कळणाऱ्याला तो तक्ता पाहून कपाशी कधी विकली, खताची उधारी कधी झाली आणि लग्न कोणत्या महिन्यात उरकलं, सगळं सांगता येईल. बँकेला त्यात फक्त गजानन दिसतो. गाडीचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे वसुली अडकलेलं, ठरतं. कपाशी-सोयाबीनच्या पीककर्जाला मात्र दोन हंगामांची मुभा असते. गजाननाला हे माहीत असतं तर त्यानं गाडी पेरलीच असती. सगळ्यात खाली लिहिलं होतं 'रिटन ऑफ'. कंपनीनं पैसे आपल्या वहीतून काढले, असा याचा अर्थ. सोडले असा नाही.

'हे खातं माझं नाही' असा पर्याय निवडून तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लावायचा, त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पानठेल्यावर त्याची मोठी चर्चा झाली. "शंभर रुपये रोज? निंदाले बाई येत नाही तेवढ्यात," असं एकाचं मत पडलं. दुसऱ्यानं हिशेब केला, की वर्षभर लांबलं तर ३६,५०० होतात, डाळ मिलचा लोचा करतो कायले? लोक माझ्या प्रकरणाला उशीर व्हावा म्हणून मनापासून वाट पाहू लागले. मुदत संपायच्या तोंडावर उत्तर येऊन त्यांची निराशा झाली: संबंधित संस्थेनं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे.

बरोबरच होती ना! गजाननानं कर्ज घेतलं, गजाननानं बुडवलं. रिपोर्टवाली कंपनी आपल्या मनानं काही खोडू शकत नाही, कर्ज देणारा म्हणेल तेच. आणि कर्ज देणाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं की कोणता गजानन.

मग फायनान्सच्या यवतमाळच्या ऑफिसात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "तुम्ही ते नाही, याचा पुरावा द्या." ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला मिळतो, पण अमुक इसम तो इसम नाही, असा दाखला मिळत नाही. ग्रामसेवकानं कपाट उघडून दाखवलं, नमुनाच नाही. तहसीलजवळच्या टायपिस्टकडे 'वरील दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत' हे प्रतिज्ञापत्र तयार असतं, कारण निम्म्या तालुक्याला तेच लागतं. मी उलटं मागितल्यावर तो चाट पडला. "असं कोनी करत नाही भाऊ." शेवटी त्यानं जुन्याच मजकुरात जागोजागी 'नाही' घातलं. एका जागी राहून गेलं. त्यामुळे त्या कागदानुसार आम्ही दोन वेगळे इसम असून त्यांपैकी दोघेही मीच होतो.

तो कागद फायनान्सनं घेतला आणि गप्प बसले. मुदत उलटल्यावर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज टाकला. फी नसते, आणि कागदी अर्ज पाठवायचा तर तो चंदीगडला जातो. "लोकपाल म्हंजे अण्णा हजारेवाला?" असं बायकोनं विचारलं. तो नव्हे म्हटल्यावर तिला जरा धीर आला. पण अर्जाचा नंबर पडताच फायनान्सचा फोन आला, दोघंही या.

रोडावरचा गजानन सरळ माणूस. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "राहू दे ना भाऊ तुयाजवळच. मायाकून सांभाळनं होत नाही."

"अरे, पन मले मिल टाकाची हाये."

"तिथं गेलो त पैसे मांगतीन ते."

"कर्ज मायाच नावावर हाये ना? मांगतीन त मले मांगतीन."

हे त्याला एकदम पटलं. काउंटरसमोर दोघं शेजारी उभे राहिलो, आधार कार्डं ठेवली, तेव्हा त्या पोराला आमच्यात फरक दिसू लागला. जुनी फाईल निघाली. तिच्यात पॅन नव्हतंच, मतदान कार्डाची झेरॉक्स होती. नाव, जन्मतारीख, पत्ता जुळला, म्हणून मशीननं ते खातं माझ्या पॅनखाली नेऊन ठेवलं होतं. माझ्या रिपोर्टातून ते निघालं. त्याच्यात गेलं की नाही, ते मी विचारलं नाही आणि गजाननानं तर नाहीच नाही.

बँकेत साहेबांनी पुन्हा स्क्रीन पाहिली. "स्कोर सुधारला बरं का. पण चौकशा फार दिसतात. इतक्या ठिकाणी कर्ज मागत फिरलात?"

आपला रिपोर्ट आपण कितीदा पाहिला तरी मार्क जात नाहीत, बँकेनं कर्जासाठी पाहिला की नोंद पडते, आणि थोड्या काळात नोंदी फार झाल्या की मार्क जातात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओळीनं एकाच बँकेचं नाव.

"साहेब, हे तर तुमीच पाह्यलं."

"हो, पण सिस्टिमला ते कसं कळणार? काही महिने जाऊ द्या."

तुरीला शेंगा धरल्या होत्या. ती काही महिने थांबणार नव्हती. बसस्टॉपवर आलो तर रोडावरचा गजानन उभा, कोऱ्या मोटरसायकलवर, हँडलला झेंडूचा हार.

"बस भाऊ. घरीच चाललो."

मागं बसता बसता विचारलं, "हिचे हप्ते भरून राह्यला ना?"

"हाव ना. पुढच्या मयन्यापासून."

"अन् पॅन कार्ड देल्लं ना या टाइमाले?"

"कायले?" किक मारत तो म्हणाला. "मतदान कार्डावरच झालं काम."