'सोयीच्या नास्तिक' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हा राग आला, म्हणून लगेच लिहायला बसले नाही. काल पुन्हा वाचली तेव्हा त्यातला एक भाग खरा आहे हे पटलं, आणि त्या भागाबद्दल नीट लिहायचं तर दोन ओळींत उरकता येणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मी कॉलेजपासून नास्तिक आहे, आणि तरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या देवापुढे रोज संध्याकाळी मी समई लावत असे. श्रद्धेचा आदर ठेवून नास्तिक राहता येतं, असंही त्यात म्हटलं होतं. त्यावर कोथरूडच्या एका वाचकांनी 'एक नास्तिक' अशी सही करून लिहिलं: "तुम्ही सोयीच्या नास्तिक आहात. ज्या शहरात दाभोलकरांना पुलावर गोळ्या घातल्या त्याच शहरात बसून तुम्ही समई लावता आणि वर श्रद्धेच्या आदराच्या गोष्टी सांगता. धर्माशी वैरच पाहिजे. आदर म्हणजे शरणागती."

आधी समईचं सांगते. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. वाती त्या स्वतः वळायच्या. मला कधी वेळच आली नव्हती. माझ्या वाती मधेच जाड, मधेच बारीक व्हायच्या, तेल नीट चढायचं नाही, काजळी धरायची. कापूस किती घ्यायचा, पीळ कुठवर द्यायचा, हे त्या पलंगावरून डाव्या हातानं खुणेनं दाखवायच्या. आठवड्याभरात जमायला लागलं. पहिल्याच संध्याकाळी समई लावल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून मी हात जोडायला गेले, तर अडखळत म्हणाल्या, "हात नको जोडूस. तुला पटत नाही ना? नुसती लाव."

पंचवीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात वावरलो. माझ्या नास्तिकपणाबद्दल त्या इतकं सरळ त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या. माझ्याकडून भक्तीचं नाटक त्यांना नकोच होतं. तुम्ही जिला शरणागती म्हणता, ती करायला मी निघालेच होते आणि त्यांनीच मला थांबवलं. त्यानंतर चौदा महिने मी रोज समई लावली, एकदाही हात न जोडता. देव नाही हे माझं मत त्या चौदा महिन्यांत तसूभरही हललं नाही.

आता तुमचं जिथे बरोबर आहे तिकडे येते.

माझ्या एका काकांना कावीळ झाली. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. काकूंनी सासवड रस्त्यावरच्या एका वस्तीवरून काविळीची माळ आणली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: एका वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बोटभर तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठींनी ओवलेले असतात. माळ आधी डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबत जाते, गळ्यात येते, मग छातीवर. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली. काका फोनवर मला रोज सांगायचे, आज चार बोटं उतरली, आज वीतभर.

मी भौतिकशास्त्र शिकवते. काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो, हे मला ठाऊक होतं. तीच माळ खिळ्याला टांगली तरी तेवढीच लांबते. काविळीचे बरेचसे रोगी दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंचे असतात आणि ते विश्रांतीनं काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, म्हणून श्रेय माळेला मिळतं, हेही ठाऊक होतं. पण पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळच होते, आणि ती माळेनं, पथ्यानं, विश्रांतीनं, कशानंही उतरत नाही. काकांना शौच पांढरट होत होतं, थंडी वाजून ताप येत होता. हे सगळं मला फोनवर कळत होतं. एकदा "डॉक्टरांना दाखवलं का?" असं विचारलं. काकू म्हणाल्या, "माळेचे दिवस पुरे होऊ देत, मधे मोडायचं नसतं." मी गप्प बसले. मनात नेमके हेच शब्द होते: त्यांच्या श्रद्धेचा आदर करायला हवा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना शहरात आणलं तेव्हा अडकलेल्या खड्याच्या मागे जंतुसंसर्ग होऊन तो रक्तात पसरला होता. नवव्या दिवशी काका गेले. माळ बेंबीपर्यंत आली होती.

तुम्ही मला सोयीची म्हणालात. समईच्या बाबतीत ते मला मान्य नाही, पण त्या फोनच्या वेळी मी तशीच होते. काकूंना वाईट वाटेल, घरात मी शिष्ट ठरेन, ही माझी भीती होती, आणि तिला मी आदर हे चांगलं नाव दिलं होतं. त्यामुळे मागच्या लेखात 'श्रद्धेचा आदर' असं जे लिहिलं ते मागे घेते. मला आदर सासूबाईंचा होता. मूर्तीत देव आहे या समजुतीचा मला कधीच नव्हता आणि तसा दावाही मी करायला नको होता.

पण म्हणून तुमचं वैर मी घेत नाही. आणि तुम्ही पुलाचं नाव काढलंत, तर पुलाबद्दलच बोलू.

मी शनिवार पेठेत राहते. ओंकारेश्वराजवळचा तो पूल माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथे मारलं. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघा हल्लेखोरांना जन्मठेप दिली, तिघांना सोडून दिलं. त्या पुलावरून मी जवळजवळ रोज जाते आणि ते विसरून कधी गेलेले नाही. पण पुलाला नाव कोणाचं आहे, हे तुम्ही पाहिलंय का? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. प्रार्थना समाजाचे प्रचारक, ईश्वरावर अढळ श्रद्धा असलेले. त्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि अस्पृश्यतेविरुद्ध उभा जन्म घातला, त्यासाठी आपल्याच जातभाईंचा रोष पत्करला. 'धर्माशी वैरच पाहिजे' या तुमच्या वाक्यात शिंदे कुठे बसतात? आणि सासूबाई? गोळ्या घालणारे, शिंदे आणि माझ्या सासूबाई यांना एकाच शब्दात गोळा करायचं असेल तर विवेक कशासाठी हवा? एवढा फरकही आपण करणार नसू तर चिकित्सा हा शब्द आपण वापरू नये.

दाभोलकरांनी काय केलं तेही बघा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठरा वर्षं झगडले. हा कायदा झाला की वारी बंद पडेल, घरात सत्यनारायण घातला तरी पोलीस येतील, असा प्रचार त्यांच्याविरुद्ध जोरात झाला. त्यांच्या खुनानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. तो उघडून वाचा. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं, हा त्यातच गुन्हा आहे. रेघ कुठे मारायची हे त्यांनी अठरा वर्षं घासून ठरवलं होतं. माझ्या सासूबाईंची समई त्या रेघेच्या अलीकडे येते. काकांची माळ कायद्याच्या शब्दांत सापडेल की नाही ते वकील सांगतील. माझ्या लेखी ती पलीकडचीच आहे, आणि तिथे मी गप्प बसले हा माझा अपराध आहे.

तुम्ही म्हणाल, हे धोरण झालं, खरं काय ते स्पष्ट बोलणाराही कुणी हवा. हवाच. डॉ. श्रीराम लागू तसे होते. देव ही कल्पनाच मुळात अंधश्रद्धा आहे असं ते जाहीरपणे सांगत. आणि आपली अंधश्रद्धा निर्मूलन समिती, म्हणजे अंनिस, देवाधर्माबाबत तटस्थ आहे, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना तिचा विरोध आहे, असं दाभोलकर सांगत. हे दोघं गावोगावी एकाच व्यासपीठावर बसून हा मतभेद लोकांसमोर मांडत. समोर बहुतेक सगळे देव मानणारेच असत. लागूंनी आपलं वाक्य कधी पातळ केलं नाही, पण ते ऐकवायला ते त्याच लोकांच्या गावात, त्यांच्यासमोर जाऊन बसत. तुमच्या प्रतिक्रियेत मला कमी वाटतं ते हे. तुम्ही बोलता आहात श्रद्धावंतांबद्दल, त्यांच्याशी नाही.

आगरकरांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण घेतलं असतं तर मी मान खाली घातली असती, कारण त्यांची लेखणी सौम्य नव्हतीच. केशवपनावर, बालविवाहावर त्यांनी जे लिहिलं ते आजही अंगावर येतं. त्यापायी याच पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. पण त्यांचा सगळा संताप रूढीवर आणि ती लादणाऱ्यांवर होता. जिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला, तिला मूर्ख ठरवायला ते बसले नव्हते.

आणि वैर घरात उतरतं तेव्हा कोणावर उतरतं, ते मी फार जवळून पाहिलंय. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, कडवे नास्तिक. चारचौघांत बायकोच्या उपासाची टिंगल करतात. "एकादशीला हिचा मेंदू सुट्टीवर असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको हसण्यावारी नेते आणि त्यांना खिचडी वाढते. ऑफिसात साहेबांनी सत्यनारायण घातला तेव्हा हेच गृहस्थ रांगेत उभे राहून प्रसाद घेऊन आले. रिकाम्या प्लॉटवर रातोरात देऊळ उभं करणाऱ्या नगरसेवकासमोर ते कधी बोलले नाहीत, कोणत्या बुवाविरुद्ध त्यांनी एक अर्ज केला नाही. त्यांची सगळी निर्भयता त्या एका बाईवर खर्च होते. तुम्ही तसे आहात असं मी म्हणत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. पण वैराला सरसकट परवाना दिला की ते आधी घरातल्या बाईकडे वळतं, मग कामाला येणाऱ्या मावशींकडे. बुवापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं फारसं उरत नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूला उभी आहे. 'भावना दुखावल्या' म्हणून तोंड बंद करायला सांगणाऱ्यांना माझ्याकडून काडीचीही सवलत नाही. दंड संहितेत २९५ अ हे कलम १९२७ साली आलं, आता न्याय संहितेत ते २९९ आहे. त्यातही जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान असं म्हटलंय, नुसत्या टीकेला ते लागत नाही. संत तुकारामांनी विचारलं होतं की नवसानं मुलं होत असतील तर नवरा करायचा कशाला. त्या प्रश्नानं किती भावना दुखावल्या असतील! तरी आज तो अभंग वारकरीच म्हणतात.

हे उत्तर काल संध्याकाळीच पुरं व्हायचं, पण मधेच उठावं लागलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला कावीळ झालीय, अकरा वर्षांचा आहे. मी गेले तर त्याच्या गळ्यात माळ. त्याची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं काय म्हणणं असेल ते मला माहितीये." मी खाली बसले. काकांचं सगळं सांगितलं, शौचाच्या रंगापासून नवव्या दिवसापर्यंत. त्या माळवाल्यानं पोराचे हातही चुन्याच्या पाण्यात धुतले होते आणि पाणी पिवळं झालं होतं, म्हणजे कावीळ उतरतेय असं सांगितलं होतं. मी म्हटलं, त्याच्या हाताला आंब्याच्या सालीची पूड असते, चुन्याच्या पाण्यात तिचाच पिवळा रंग येतो, तुमच्या-माझ्या हातांनीही येईल. उद्या साल मिळाली तर इथेच करून दाखवते. त्या काही बोलल्या नाहीत. मग फाइल कुठे ठेवलीय ते शोधायला लागल्या.

आज सकाळी आम्ही दोघी त्याला घेऊन लॅबमध्ये जाऊन आलो. बिलिरुबिन आणि लिव्हरच्या बाकी तपासण्या दिल्यात, सोनोग्राफी उद्या आहे. माळ गळ्यात तशीच आहे. रक्त घेताना नर्स ती बाजूला सारायला गेली, तर आईनं स्वतःच हातात धरून ठेवली.