आयर्विन पुलाजवळच्या ‘क्रूझ टर्मिनल’बाबत खुलासा
सांगलीत कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळ क्रूझ टर्मिनल (पर्यटक जहाजांचे स्थानक) होणार आणि तेथून थेट गोव्याला जहाज सुटणार, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. ज्या टर्मिनलचे छायाचित्र त्यासोबत जोडले आहे, ते मुंबईत इंदिरा गोदीत असून त्याचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. समुद्रातील मोठ्या क्रूझ जहाजाला सुमारे ८ मीटर खोल पाणी लागते. उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्या उघड्या पडणाऱ्या कृष्णेत ते येणार कोठून? शिवाय कृष्णा गोव्याकडे नव्हे, पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे वाहते. मुंबईहून क्रूझने जाणाऱ्या सांगलीकरांनी महालक्ष्मी एक्सप्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. तेथून हे टर्मिनल असलेल्या बॅलार्ड पिअरला टॅक्सीने जाता येते.