पहिलीच्या आधीच्या सहा वर्षांचं काय?

हिंदी पहिलीपासून हवी की नको यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जे रान पेटलं होतं ते मी इथे जर्मनीत बसून रोज वाचत होतो. आधी १६ एप्रिलचा जीआर, मग जूनमधला सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नये हेच माझंही मत आहे. पण त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या घरच्या ग्रुपवर शेकडो मेसेज आले त्यात एकानेही हे विचारलं नाही की पहिलीच्या वर्गात येऊन बसेपर्यंत ते पोर घरी कोणाशी, किती आणि काय बोललंय. मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे आणि त्याचं उत्तर मंत्रालयात नाही, आपल्या घरात आहे.

माझी भाची ज्युनिअर केजीत आहे, चार वर्षांची. मध्ये व्हिडिओ कॉल केला तर ती वहीवर वाकून बसलेली, दोन पानं एकच अक्षर गिरवायचं होतं, दीड पान झालं होतं आणि डोळ्यात पाणी. ताई म्हणाली, अरे काय करू, उद्या चेक करतात. मी ताईला दोष देत नाही, पण त्या हाताकडे बघा ना. मनगटात आठ छोटी हाडं असतात, चार वर्षांच्या मुलाची त्यातली निम्मीशीच तयार झालेली असतात, बाकीची हळूहळू होतात, शेवटचं तर नऊ-दहा वर्षांच्या पुढेमागे. त्या हाताला माती, कात्री, मणी ओवणं, कागद फाडणं हे पाहिजे, पेन्सिल नंतर आपोआप धरता येते.

इथे माझी मुलगी किटात म्हणजे इथल्या बालवाडीत जायची तेव्हा मला उलटी काळजी होती, की हे लोक काही शिकवतच नाहीत! तिथे अक्षरं नाहीत, होमवर्क नाही, दिवसभर वाळू आणि पाणी. शाळेआधी सरकारी डॉक्टर मुलांना तपासतात, त्याला आम्ही गेलो तर तिला उड्या मारायला लावल्या, माणसाचं चित्र काढायला लावलं, चित्र दाखवून काय चाललंय ते सांग म्हणाले, थोडं मोजायला लावलं. एबीसीडी कोणी विचारली नाही. मी मात्र त्याआधी दोन वर्षं घरी मोडक्या जर्मनमध्ये तिच्याशी बोलत होतो, तिला वर्गात जड जाऊ नये म्हणून. किटातल्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, जर्मन आमच्यावर सोडा, तुम्ही घरी तुमच्या भाषेत बोला आणि भरपूर बोला. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, कारण माझ्या जर्मनमध्ये तिच्यासाठी 'हे घे', 'इकडे ये', 'छान' एवढंच होतं. गोष्ट नव्हती, चिडवणं नव्हतं, 'असं का झालं असेल गं' नव्हतं.

मग आम्ही मराठीवर आलो, आणि शिकवायचं असं काही ठरवलं नाही. धुतलेले मोजे पलंगावर ओतायचे आणि जोड्या लावायच्या. पहिल्याच दिवशी तिने सगळे लावले आणि एक उरला तो हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाली, बाबा, ह्याचा कोणच नाही. मी म्हटलं शोधूया, मग तो मशीनमध्ये असेल, पलंगाखाली असेल, आईच्या कपड्यात गेला असेल असं आमचं अर्धा तास चाललं. त्यात मोठा-लहान आलं, सारखं-वेगळं आलं, मोजणं आलं, असेल-नसेल आलं. वहीत याची किती पानं झाली असती मला माहीत नाही. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या, झोपताना तेच पुस्तक विसाव्यांदा वाचायचं पण मध्ये थांबून 'आता काय होणार' विचारायचं, गाडीत 'क'वरून शब्दांच्या भेंड्या लावायच्या. भेंड्यांमुळे शब्दातले आवाज कानाला सुटे ऐकू यायला लागतात आणि पुढे वाचायला त्याचाच उपयोग होतो.

आता कोणी म्हणेल तुमचं बरंय, तिकडे सुट्ट्या मिळतात. खरंय. मी मुलीसाठी दोन महिने रजा घेतली, थोडेफार पैसेही मिळाले. भारतात केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात आणि खासगीत कायद्याने काहीच नाही. त्यामुळे सगळं आईवर, आणि आईही नोकरीला. ह्यावर कोणी मोर्चा काढला तर मी विमानाचं तिकीट काढून येईन. आणि जर्मनी म्हणजे स्वर्ग असंही कृपा करून समजू नका, २०२१ च्या पाहणीत इथल्या चौथीतल्या साधारण २५ टक्के मुलांना नीट समजून वाचता येत नव्हतं. आणि ज्या घरात पुस्तकं नाहीत, गप्पा नाहीत तीच मुलं जास्त मागे पडतात, किटा कितीही चांगली असो.

म्हणूनच मला आपल्याकडची एक गोष्ट फार मोलाची वाटते जिच्यावर कोणी वाद घालत नाही म्हणून बहुतेक कोणाला माहीतही नाही. २०२२ पासून महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. गावात मेळावा होतो, मुलं वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन खेळतात, आणि आयांचे गट करून त्यांना आयडिया कार्ड देतात, घरातल्याच वस्तू घेऊन मुलाशी काय करता येईल ते चित्रांतून. माझी चुलत बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अशा गटात होती, ती स्वतः आठवीपर्यंत शिकलेली. तिला आधी वाटायचं आपण काय शिकवणार, ते मास्तरांचं काम. आता ती फोनवर मला सांगते की भांड्यांची झाकणं लावताना मुलगा कसा एकेक घालून बघतो आणि ती मुद्दाम गप्प बसते. हे मुद्दाम गप्प बसणं मला इथे जमायला तीन वर्षं लागली.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तिथून अंगणवाडी हा शब्द आला. म्हणजे घरापर्यंत जायचं हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको.

इथून फक्त एक गोष्ट घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मुलगी वर्षाची झाली तेव्हा नेहमीच्या तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी वजन-उंची लिहून झाल्यावर एक छोटी पिशवी हातात दिली, आत जाड पानांचं चित्रांचं पुस्तक, फुकट. आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या डोसला बाळ येतंच, दुसऱ्या डोसला १६ ते २४ महिन्यांत परत येतं. त्या दोन्ही दिवशी आईच्या हातात एकेक चित्रांचं पुस्तक द्या, मराठीत द्या, पाड्यावर वारलीत द्या, मेळघाटात कोरकूत द्या, आणि जिला वाचता येत नाही तिला अंगणवाडी सेविकेने पाच मिनिटं बसून सांगावं की अक्षरं सोडा, चित्रातल्या कुत्र्याविषयी बोला.