सॉना बांधा, पण आधी गार होण्याची सोय करा

गोव्यात नव्या गृहसंकुलाची जाहिरात पाहिली की जलतरण तलाव आणि जिमच्या शेजारी 'सॉना व स्टीम' (घाम काढत बसायच्या तापवलेल्या खोल्या) हे शब्द आता हमखास दिसतात. त्यावरून सोसायटीच्या बैठकीत जो वाद होतो, त्याला दोन टोके असतात. एकाचे म्हणणे, मे महिन्यात पणजीच्या बसस्थानकावर उभे राहिले तरी अंग निथळते, त्यासाठी मेन्टेनन्सचे पैसे कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, घामावाटे अंगातले विष निघून जाते, म्हणून रोज बसायलाच हवे. फिनलंडमधून हा वाद ऐकताना वाटते की दोघांची चूक एकच आहे. दोघेही फक्त घामाचा हिशेब करतात.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे 55 लाख आणि सॉना 30 लाखांच्या घरात. तांपेरे शहरातला रायापोर्ती हा सार्वजनिक सॉना 1906 पासून चालू आहे. 2020 मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉना संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण इथे संध्याकाळभर नीट पाहिले तर लक्षात येते की लोक आत दहा-पंधरा मिनिटे बसतात आणि बाहेर त्याहून जास्त. ओसरीच्या बाकावर, उघड्या हवेत, तळ्याच्या काठावर. अंगातून वाफ निघत असते, कोणाला घाई नसते. तापणे आणि गार होणे मिळून एक फेरी होते, आणि दुसऱ्या अर्ध्या भागासाठी निसर्गाने इथे फुकट सोय करून ठेवली आहे. गोव्यात ती नाही. आपला सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा.

आता कोरडा सॉना आणि स्टीमची खोली यांतला फरक. जाहिरातीत दोन्ही जोडीने येतात, म्हणून लोक त्यांना भावंडे समजतात. सॉनात वरच्या बाकाजवळ 80 ते 90 अंश सेल्सियस तापमान असते, पण हवा कोरडी. 80 अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता 8 टक्के असेल तर तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते) साधारण 28 अंश येतो, म्हणजे कातडीच्या तापमानापेक्षा खाली. त्यामुळे घाम उडतो आणि शरीर स्वतःला वाचवत राहते. हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले की दवबिंदू क्षणात चाळिशीच्या वर जातो, वाफ थेट अंगावर पाणी होऊन बसते आणि चटका जाणवतो. फिनिश लोक या वाफेच्या लाटेला 'लोय्ल्यू' म्हणतात. ती मिनिटभरात ओसरते आणि घाम पुन्हा उडू लागतो.

स्टीमच्या खोलीत तापमान 45 अंशांच्या आसपासच असते, आकडा ऐकायला सौम्य वाटतो. पण आर्द्रता शंभर टक्के. तिथे दवबिंदूही 45, कातडी त्याहून गार, म्हणून वाफ सतत अंगावर साचते आणि एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता अंगात सोडते. घाम येतो, पण उडत नाही. जे ओघळते त्यातले बरेचसे घामही नसते, भिंतीवरच्या पाण्यासारखे साचलेले पाणी असते. म्हणजे अंग थंड करण्याचा एकमेव मार्ग बंद आणि बाहेरून उष्णता चालूच.

मे महिन्यात गोव्यातल्या हवेचा दवबिंदू 25-26 अंशांच्या घरात असतो. उकाडा मारतो तो याच कारणाने. जो माणूस दिवसभर त्या हवेत वावरला, थोडा कोरडा पडला, त्याला संध्याकाळी स्टीमच्या खोलीत बसवणे म्हणजे दिवसभराच्या त्रासाचाच गडद अर्क पाजणे. माझे मत स्पष्ट आहे: गोव्यातल्या सामायिक जागेत स्टीमची खोली नको. छातीत कफ असेल तर घरचा वाफारा पुरतो. कोरडा सॉना चालेल, काही अटींवर.

फायद्यांबद्दल जे ठामपणे बोलले जाते, त्याचा मोठा आधार पूर्व फिनलंडमधल्या कुओपियो भागातला अभ्यास आहे. 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर सरासरी वीस वर्षे नजर ठेवून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू 63 टक्क्यांनी कमी आढळले. आकडा मोठा आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ती माणसे बाळपणापासून सॉनात वाढलेली. ज्याची तब्येत बरी तोच आठवड्यातून पाच वेळा जातो, हाही भाग त्यात मिसळलेला असू शकतो. आणि ती सगळी गार हवेत बाहेर पडणारी. काणकोणच्या माणसाला तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी शंभराच्या वर जाते, नंतर रक्तदाब उतरतो, स्नायू मोकळे होतात, झोप चांगली लागते, इतके मात्र मानायला हरकत नाही. विष बाहेर पडण्याची गोष्ट सोडून द्यावी. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकीचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. उतरलेले वजनही दोन पेले पाण्यात परत येते.

हे सगळे परदेशी खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी चरकसंहितेतला स्वेदाध्याय पाहावा. तिथे स्वेदाचे तेरा प्रकार आहेत. त्यांतला जेंताक म्हणजे मध्ये भट्टी आणि भिंतीलगत बसायला कट्टा असलेली गोल खोली. सॉनाच की. आणि कोणी घाम काढू नये याची यादीही आहे: नित्य मद्य घेणारे, गर्भिणी, मधुमेही, अतिसार झालेले. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी घेऊ नये, मुहूर्तभर (सुमारे पाऊण तास) थांबून ताप व शीण उतरल्यावर कोमट पाण्याने न्हावे, अशीही सूचना आहे. आपल्या न्हाणीतल्या भाणात तापवलेले पाणी आणि बाळंतिणीला निर्गुडीचा पाला घालून दिलेले न्हाण याच शहाणपणातून आलेले.

ती यादी आजही जवळजवळ तशीच लागू पडते. मद्याचे आधी सांगतो, कारण गोव्यात ते टाळून चालणार नाही. फिनलंडमध्ये सॉनात होणाऱ्या मृत्यूंच्या तपासणीत निम्म्यांच्या आसपास लोक दारूच्या अमलाखाली आढळले आहेत. दारूने तहान कळत नाही, रक्तदाब आणखी पडतो, डुलकी लागते आणि माणूस बाकावरच राहतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हुर्राक (काजूची दारू) घेऊन संध्याकाळी सॉनात शिरणे हा जिवाशी खेळ आहे. आधी नाही, आत नाही, नंतर अंग पूर्ण गार होऊन पाणी पोटात जाईपर्यंत नाही.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत थोड्या श्रमाने दुखणारा, हृदयाची झडप गंभीरपणे अरुंद झालेला रुग्ण असेल तर आत जाऊच नये. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन टोचून लगेच सॉनात गेले तर उष्णतेने ते भराभर शोषले जाते आणि साखर खाली येते. गोव्यात मधुमेही किती आहेत हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. अंगावर वेदनाशामक औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर तिचेही तसेच. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नको. मूल हवे असलेल्या पुरुषांनी काही महिने थांबावे. उष्णतेने शुक्रजंतू घटतात, मात्र ते नंतर भरून येतात.

गोव्यासाठी माझा क्रम असा. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत, अर्धा लिटर पाणी प्यावे, अंग धुऊन कोरडे करावे. पहिल्या काही वेळा तापमान 70 ते 75, खालचा बाक, पाच ते आठ मिनिटे. सवय झाल्यावर 80 आणि बारा मिनिटे, त्यापुढे जाण्याची गरज नाही. उठण्याआधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे; झोपेतून उठल्यासारखे झटकन उभे राहिले की रक्त पायांत उतरते आणि माणूस कोसळतो, तोही तापलेल्या हीटरशेजारी. बाहेर किमान पंधरा मिनिटे. दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या. डोके दुखू लागले, मळमळले, छाती धडधडली तर वेळ मोजत बसू नये, बाहेर यावे. नंतर मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचे सरबत. आपल्याकडे याहून चांगले पेय नाही. एकट्याने बसू नये. आणि पैज लावू नये. 2010 मध्ये हेइनोला इथल्या जागतिक सॉना स्पर्धेत 110 अंशांत अंतिम फेरीतला एक स्पर्धक मरण पावला, दुसरा गंभीर भाजला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली.

बांधकामात काय बिघडते ते पाहू. हीटरचा हिशेब साधारण एका घनमीटरला एक किलोवॉट. दोन बाय दोन मीटरची, 2.1 मीटर उंचीची खोली म्हणजे 8.4 घनमीटर, तिला नऊ किलोवॉटचा हीटर आणि थ्री फेज जोडणी. बिल्डर देखणेपणासाठी एक भिंत काचेची करतो. काचेच्या किंवा उघड्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) दर चौरस मीटरमागे हिशेबात आणखी सव्वा घनमीटर धरावे लागतात, हे कोणी धरत नाही. मग हीटर तासभर धापा टाकतो आणि खोली 60 अंशांवर अडते.

दगड खास सॉनासाठी विकले जाणारे घट्ट दगडच हवेत. चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि तापल्यावर फुटतो. नदीतले गोटेही नकोत. सॉनाचे दगड सैल रचावे, हवा खेळली नाही तर हीटरची कॉइल जळते. वर्षातून एकदा काढून भुगा झालेले टाकून द्यावे. टाकायचे पाणी पिण्याजोगे असावे. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे खारट पाणी कॉइल खाते. निलगिरीचे तेल थेट दगडांवर टाकले तर पेट घेते, ते पाण्यात दोन-चार थेंब मिसळूनच वापरावे. हीटरवर टॉवेल वाळत घालणे हे आगीचे नेहमीचे कारण आहे. दार बाहेर उघडणारे, ढकलताच उघडणारे हवे. त्याला कडी, कुलूप, खटका काही नको. ताजी हवा हीटरजवळून आत आणि समोरच्या भिंतीतून, बाकाखालून बाहेर. वापर संपल्यावर दार उघडे टाकून हीटर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरते.

स्टीमचा आग्रह धरलाच, तर छताला उतार हवा, नाहीतर साचलेले थेंब डोक्यावर पडतात. जनरेटरमधले पाणी प्रत्येक वापरानंतर आपोआप निचरून जायला हवे आणि फरशी रोज जंतुनाशकाने धुवायला हवी. साचलेल्या कोमट पाण्यात, शेजारच्या शॉवरच्या नळ्यांतही, लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो.

आणि गार होण्याची जागा. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता गच्चीवरच्या टाकीचे पाणी अंगाला भाजते. त्या शॉवरने कोणी गार होत नाही. जमिनीखालच्या टाकीतून वेगळी नळी काढावी. दाराला लागून वारा येणारा सज्जा, त्यात मोठा पंखा, बसायला बाक, प्यायच्या पाण्याचा नळ. कातडी 36 अंशांवर आणि हवेचा दवबिंदू 26 वर असताना पंख्याने घाम नक्की उडतो, फक्त वेळ लागतो. जागा बंदिस्त असेल तर 25 अंशांवर वातानुकूलन. पुढच्या बैठकीत नकाशा समोर आला की सॉनाच्या चौकोनाकडे पाहण्याआधी हा सज्जा कुठे आहे ते विचारा. तो नसेल तर स्टीमच्या खोलीची जागा त्याला द्यायला सांगा.